हेमा, तू ‘पाडा’ का म्हणालीस?

हेमा,

तुझं तेरावं परवा झालं. पाहुणे पांगले, वसंतानं अंगणातला मांडव उतरवला आणि मी पोलादपूरला घरी येऊन बसले. तेव्हापासून तुझ्यावर रागवावं की तुझ्यासाठी रडावं हे मला ठरवता येत नाही. दोन्ही एकदमच होतं. डोळ्यांत पाणी येतं आणि तोंडातून निघतं, ‘अगं, पण का?’

लोक मलाच विचारतात. बाजारात विचारतात, यष्टीत शेजारी बसून विचारतात. ‘तुम्ही त्यांच्या जवळच्या. शेवटी बाई असं का बोलल्या?’ मी म्हणते, मला माहीत नाही. ते कुणालाच खरं वाटत नाही. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये खुर्चीला खुर्ची लावून बसलेल्या दोघींपैकी एकीला दुसरीच्या मनातलं कळू नये, हे पटण्यासारखं नाहीच. दुसऱ्या कुणाचं असं ऐकलं असतं तर मलाही पटलं नसतं.

वर्गात एखादा प्रयोग फसला की तू मुलांना म्हणायचीस, ‘आधी काय काय घडलं ते सांगा. कारण नंतर शोधू.’ तसंच करून बघते. घडलं ते सांगते. तुला सगळं ठाऊकच आहे, पण तू गेल्यानंतरचं नाही. तेही सांगते.

आपलं हायस्कूल महाडच्या पालिकेचं. खाली दगडी मजला, वर नंतर चढवलेला सिमेंटचा. मागच्या खिडकीतून नदीकाठचे माड दिसायचे. आपण दोघी लागलो तेव्हा एकेका वर्गाच्या तीन-तीन तुकड्या होत्या. डोंगरावरच्या वाड्यांतली मुलं पहिल्या यष्टीनं खाली यायची, एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्यांची मुलं बापाच्या मोटरसायकलवरून यायची, पेठेतल्या दुकानदारांची चालत यायची. मग इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गल्लीबोळांत शिरल्या आणि पेठेतली मुलं आधी गेली. राहिली ती वाड्यांवरची आणि कामगारांची. तुकडी एक झाली. मग त्या एका तुकडीतलीही बाकं मोकळी दिसायला लागली. तू मुख्याध्यापिका होतीस त्या वर्षांत तर जून आला की घरोघर फिरायचीस आणि मी तुझ्या मागून पाय ओढत चालायची.

तुला आठवतं, आपण सगळ्यात जास्त कशावरून भांडलो असू? मुलं उत्तरपत्रिकेत ‘नाय’ लिहायची त्यावरून. मी लाल शाईनं खोडायची. तू म्हणायचीस, ‘शैला, पोराला ऑक्सिजन कसा तयार होतो ते समजलंय. नाय लिहिलं म्हणून तो वायू तयार व्हायचा थांबत नाही.’ मी म्हणायची, ‘बोर्डाचा परीक्षक मार्क कापेल तेव्हा तुझा वायू येणार नाही सोडवायला.’ हे भांडण निवृत्तीपर्यंत मिटलं नाही. निवृत्तीच्या निरोप समारंभात तू भाषणात मुद्दाम ‘हाय’ आणि ‘नाय’ म्हणालीस आणि माझ्याकडे बघून हसलीस. मी तोंड फिरवलं, पण हसू मलाही आलं होतं.

आणि माझे हे आजारी पडले ते वर्ष. मी मुंबईला दवाखान्यात अडकलेली आणि माझे मराठीचे तास तू घेतलेस. कुणी सांगितलं नव्हतं तुला. परत आले तर आठवीच्या मुलांना कवितेतलं दव कसं पडतं ते नेमकं सांगता येत होतं, हवेतल्या बाष्पापासून. कवी काय म्हणतो ते मात्र एकालाही नाही. मी डोक्याला हात लावला. तू म्हणालीस, ‘कवीचं तू बघ. दवाचं मी बघितलंय.’ त्या सबंध काळात मी एकदाही तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. पण हेमा, त्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी शाळेची काळजी केली नाही ती फक्त तुझ्यामुळे.

एकवीसच्या जुलैतल्या पुराबद्दल तू माझ्याशी एकदाच बोललीस. आमच्याकडे दरडी आलेल्या, रस्ता बंद. तो खुला झाला तशी मी पहिल्या मिळेल त्या गाडीनं आले. पाणी उतरून गेलं होतं. शाळेच्या खालच्या वर्गांत गुडघाभर गाळ होता. तू पदर खोचून, हातात फावडं घेऊन उभी. पाणी चढायला लागलं तशी तूच वरच्या मजल्याची कुलपं काढली होतीस, आणि आजूबाजूची किती माणसं त्या वर्गांमध्ये जीव मुठीत धरून बसली होती हे मला इतरांनी सांगितलं. तू फक्त एवढंच म्हणालीस, ‘खालची बाकं तरंगत होती गं. जिन्याला येऊन आपटायची. कुणीतरी दार ठोठावतंय असंच वाटायचं. मी दोनदा उघडायला निघाले.’ आणि पुन्हा गाळ उपसायला लागलीस. मी पुढे कधी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

पुरानंतर खांबांना भेगा दिसायला लागल्या. तपासणी झाली आणि इमारत धोकादायक ठरली. तुझ्यामागोमाग मीही निवृत्त झाले. पुढे मुलं कमी म्हणून हायस्कूलच बंद करायचं ठरलं. गेल्या जूनपासून उरलेली मुलं हायवेच्या पलीकडच्या शाळेत घातली. आपल्या शाळेला कुलूप लागलं आणि त्या जागेवर नवीन इमारत होणार असं जाहीर झालं. खाली दुकानांचे गाळे, वर हॉल, त्याच्याही वर ‘शैक्षणिक वापरासाठी’ राखून ठेवलेला एक मजला.

तेव्हा सगळ्यात आधी कोण उठलं? तूच. फाटकासमोर ताडपत्री बांधून बसलीस. संजय आला. आपल्याकडे दहावीत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सुटलेला, आता एमआयडीसीत सुपरवायझर असलेला संजय. पाळी संपली की तो थेट तुझ्या ताडपत्रीखाली यायचा. मुंबईतले माजी विद्यार्थी वीर स्टेशनला उतरून रिक्षानं यायचे. वकील केला, कोर्टात अर्ज गेला आणि अर्जात पहिलं नाव तुझं. पाडकामाला तात्पुरती स्थगिती मिळाली त्या दिवशी तू पेढे वाटले नाहीस, घोषणा दिल्या नाहीस. शाळेच्या पायरीवर बसून राहिलीस, आणि मला म्हणालीस, ‘दगडी भिंत अजून शंभर वर्षं हलणार नाही. वरचं सिमेंट उतरवा, दुरुस्त करा. एवढंच तर म्हणतोय आपण.’

हे सगळं मी का सांगतेय? कारण इथपर्यंत सगळं सरळ आहे. इथपर्यंतची हेमा मला कळते.

मग तो रविवार आला. सुट्टी लागलेली, आंब्याचे दिवस, उन्हानं डोकं फुटेल असा उकाडा. तोडगा निघतो का बघावं म्हणून प्रार्थनेच्या हॉलमध्ये सभा लावली होती. कुलूप उघडून सतरंज्या घातल्या होत्या. पालिकेचे साहेब नवीन इमारतीचा नकाशा घेऊन आले आणि तो फळ्यावर चिकटवला. संजय बोलला, मुंबईवाले बोलले, आवाज चढले. तू उठून नकाशापाशी गेलीस. चष्मा कपाळावर चढवून, नाक टेकेल इतक्या जवळून बघत राहिलीस. मला वाटलं आता चूक काढणार. आता साहेबांची धडगत नाही.

साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुमचं काय म्हणणं आहे? तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकू.’

तू वळलीस. म्हणालीस, ‘पाडा. लवकर पाडा.’

आणि जागेवर येऊन बसलीस. माझ्याच शेजारी. तुझा हात माझ्या हाताला लागला तेव्हा तो गार होता, त्या उकाड्यात.

पुढे काय काय झालं ते मला नीट आठवत नाही. संजय उभाच राहिला होता, तोंड उघडं टाकून. मुंबईवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ‘बाई, हे काय?’ साहेब नकाशाची सुटलेली टोकं दाबत राहिले. ज्याला हवं ते मिळालं तोही गोंधळला, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर आल्यावर फाटकापाशी मी तुला धरलं. ‘हेमा, काय बोललीस हे?’

‘बोलले ते बोलले.’

‘पण का? वर्षभर तूच तर—’

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही, कशानं ते मला अजून सांगता येत नाही. म्हणालीस, ‘तुला नाही कळायचं शैला. तू पोलादपूरला राहतेस.’

हे वाक्य मी किती वेळा उलटंपालटं करून बघितलंय म्हणून सांगू. पोलादपूरला राहते म्हणजे काय? पूर तुमच्या पेठेत शिरतो, आमच्याकडे नाही, असं? पण त्याच पावसात आमच्याकडे डोंगर उतरले, तुमच्याच तालुक्यातल्या तळीयेत गावच्या गाव गाडलं गेलं. भीती काय फक्त पेठेतल्यांनी बघितली? की मी संध्याकाळची यष्टी धरून घरी जायची, आणि तू त्या इमारतीसमोरच राहायचीस, उठता-बसता तीच बघायचीस, असं म्हणायचं होतं? की काहीच म्हणायचं नव्हतं, फक्त मला गप्प करायचं होतं?

मी ‘म्हणजे काय?’ विचारलं, तेवढ्यात वीरला निघालेली मुलं तुझ्या पाया पडायला आली. त्यांच्याशी तू नेहमीसारखी बोललीस, कुणाला बाळ झालं, कुणाची बदली झाली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, ‘उन्हात उभी राहू नको. गाडी चुकेल तुझी.’

आपलं शेवटचं बोलणं ते एवढंच. गाडी चुकली नाही. मला खिडकीशी जागाही मिळाली.

मंगळवारी दुपारी वसंताचा फोन आला. तुझा हा धाकटा भाऊ, ज्याच्या आवाजात मी आयुष्यात कधी घाई ऐकली नव्हती. ‘शैलाताई, ताई गेली’ एवढंच म्हणाला. मला वाटलं तू कुठेतरी बाहेर गेलीस. मी विचारलं, ‘कुठे?’ हेमा, मी खरंच विचारलं, ‘कुठे?’ जेवून पडलीस ती उठलीच नाहीस, असं मग त्यानं सांगितलं.

त्यानंतर जो तो मला तुझं मन सांगायला लागला.

संजय म्हणाला, ‘बाईंवर दबाव आला असणार. बाई अशा बोलूच शकत नाय.’ मी म्हटलं, ‘अरे, हेमावर दबाव आणणारा माणूस महाडात जन्मला असता तर आपण त्याचा सत्कार केला असता.’ तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. चांगला पन्नाशीला टेकलेला माणूस, कंपनीचा गणवेश अंगात, आणि तुझ्या अंगणातल्या कठड्यावर बसून लहान मुलासारखा रडत होता.

वसंता म्हणाला, ‘ताई थकली होती. तिला भांडण संपवायचं होतं.’ असेल. पण थकलेली बाई ‘लवकर पाडा’ म्हणेल का? ती म्हणेल, ‘काय ते तुम्ही ठरवा.’

मग वकिलांचा फोन आला. सांत्वनाचं बोलून झाल्यावर म्हणाले, ‘मंगळवारी सकाळीच बाईंशी बोलणं झालं होतं हो. पुढची तारीख विचारत होत्या. जूनमधली आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मी येते.’

मी म्हटलं, ‘कशासाठी येते म्हणाली?’

‘ते नाही बोलल्या. मला वाटलं, नेहमीसारख्या येतील.’

आता सांग. रविवारी भर सभेत ‘पाडा’ म्हणायचं, आणि मंगळवारी सकाळी ते पाडू नये म्हणून चाललेल्या खटल्याची तारीख विचारायची. कोर्टात जाऊन काय सांगणार होतीस? अर्ज मागे घेते म्हणून? की रविवारी माझं चुकलं म्हणून? मी एकदा हे धरते, एकदा ते. दोन्हींत तू दिसतेस आणि दोन्हींत तू नाहीस.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. तुझा फोटो टेबलावर, निवडणूक ओळखपत्रावरचा वाढवलेला. तुला तो अजिबात आवडला नसता. गर्दी इतकी की व्हरांड्यात माणसं उभी. सुरुवात बरी झाली. कुणी तुझ्या प्रयोगांच्या आठवणी सांगितल्या, कुणी तुझ्या छडीच्या. मग संजय म्हणाला, ‘शाळा वाचावी ही बाईंची शेवटची इच्छा होती.’ लगेच मागून एक जण उठला, पेठेतला दुकानदार, तोही आपलाच विद्यार्थी. ‘खोटं बोलू नको. बाई याच हॉलमध्ये काय बोलल्या ते आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.’ झालं. तुझ्या फोटोसमोर दोन बाजू उभ्या राहिल्या आणि दोन्ही तुझंच नाव घेऊन भांडायला लागल्या. वसंता खाली मान घालून बसला होता. मला त्याची कीव आली, तुझी आली, आणि मग कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. ‘शैलाबाई, तुम्ही सांगा. त्यांना काय पाहिजे होतं?’

आयुष्यभर मी शब्दांवर पोट भरलं, पण एक वाक्य जुळेना.

मी म्हटलं, ‘मला माहीत नाही.’

कुजबुज झाली. मी पुन्हा म्हटलं, ‘मला खरंच माहीत नाही. आणि तिच्या तोंडी काही घालायची माझी हिंमत नाही. ती असती तर तिनं मला वर्गाबाहेर काढलं असतं.’ थोडे लोक हसले. मी माइक खाली ठेवणार, तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली एक बाई बोलली.

‘बाई आमच्याकडं आल्या हुत्या.’

ती साक्षीची आई होती. साक्षी म्हणजे वर डोंगरावरच्या वाडीतली ती उंच, बारीक मुलगी, आपली शाळा बंद झाली तेव्हा नववीत जाणार होती. मी तिला पाहिलं होतं, आईला नव्हतं. तिला पुढे बोलावलं, पण ती आली नाही. तिथूनच बोलली.

‘त्या रविवारच्या आदी आल्या हुत्या. शुक्रवारी. एवडी चढण चढून. साक्षी शाळंत का जात नाय म्हणून इचारायला. मी सांगितलं, यष्टी ष्टॅन्डवर सोडते. तितनं पुढं पोरीला हायवे वलांडायला लागतो, कंपनीचे ट्यांकर येतात. मी एकलीला नाय पाठवत. तर बाई बोलल्या, मी आपली शाळा परत चालू करते. मी बोलली, कंची? ही जुनी? हिच्यात बी नाय पाठवणार. पाणी आलं तवा माजा दीर हितंच वर हुता. त्यो अजून झोपेत दचकतो. वर वाडीत डोंगराचं भ्या, तळीये झाल्यापासनं पाऊस लागला की आमाला झोप नाय. आणि खाली पाण्याचं भ्या. पोर ठेवू कुठं, तुमीच सांगा.’

‘मग हेमा काय म्हणाली?’ मी विचारलं. माइक हातात होता, त्यामुळे माझा प्रश्न सगळ्या हॉलमध्ये घुमला.

‘पानी मागितलं. पिऊन ओटीवर बसून ऱ्हायल्या खूप येळ. मग साक्षीला बोलल्या, पुस्तकं हायत ना गो तुज्याकडं? मी येते पुन्हा. आनि उतरून गेल्या.’

लोक उठून चपला शोधायला लागले. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा अर्थ लगेच सापडला नसावा.

मला मात्र त्या रात्री वाटलं, सापडलं. हेच कारण. वर्षभर आपण एक रिकामी इमारत धरून बसलो आणि तेवढ्यात मुली घरी बसल्या. ते तिथे, त्या ओटीवर, तुला दिसलं. म्हणून म्हणालीस, पाडा, लवकर पाडा, म्हणजे नवीन लवकर उभी राहील, पुराच्या पाण्याच्या वर. किती सरळ! मी उठून वसंताला फोनसुद्धा करणार होते.

सकाळी उठले आणि ते सरळ राहिलं नाही. नकाशात ‘शैक्षणिक वापर’ असं लिहिलं होतं, ‘हायस्कूल’ कुठेच नव्हतं. तू तो नाक लावून वाचलास. तुझ्या नजरेतून ते सुटणं शक्य नाही. मग सगळं दिसत असताना तू तसं का म्हणालीस? की दिसलं म्हणूनच मंगळवारी वकिलांना फोन केलास? की ओटीवर बसून पाणी पिताना तुला ते जिन्याला आपटणाऱ्या बाकांचे आवाज पुन्हा ऐकू आले, आणि बाकी सगळं आपण मागाहून रचतोय? मला नाही कळत, हेमा. प्रत्येक उत्तर थोडं थोडं बरोबर वाटतं. कुठलंच पुरत नाही.

तरी एक गोष्ट करावी लागली. वकील म्हणाले, पहिल्या अर्जदार गेल्या, पुढे कोण? संजयनं माझं नाव सुचवलं. मी म्हटलं, येते, पण मागणी बदलून. पाडू नका असं मी म्हणणार नाही. पाडा असंही म्हणणार नाही. मी म्हणेन, पाडायच्या आधी हायस्कूल परत चालू करण्याचं कोर्टासमोर कबूल करा, आणि नवीन इमारत होईपर्यंत वाड्यांवरच्या मुलींना गावात, हायवेच्या अलीकडे, वर्ग द्या.

संजयचा चेहरा पडला. ‘बाई, म्हणजे दगडी भिंत गेली तरी चालेल तुम्हाला?’

‘चालणार नाही रे.’

‘मग?’

‘मग काय? साक्षी तिच्या ओटीवर बसून आहे.’

त्यानं विचारलं, ‘हेमाबाईंना हे पटलं असतं का?’ मी त्यालाही तेच सांगितलं, माहीत नाही. तो म्हणाला, ‘मला पण माहीत नाय. पण मी येतो तुमच्याबरोबर.’ शाळा वाचवायच्या समितीतले निम्मे लोक आता आमच्याशी बोलत नाहीत. मुंबईच्या मुलांनी ग्रुपवर मला बरंच काही लिहिलं. त्यातल्या एक-दोघांचं शुद्धलेखन अजून तसंच आहे. जूनमधल्या तारखेला आम्ही जाऊ. काय होईल ते होईल. तुझ्या बाजूनं जाते आहे की तुझ्याविरुद्ध, हे न कळता मी कोर्टात उभी राहणार आहे. अशी वेळ तू माझ्यावर आणशील असं कधी वाटलं नव्हतं. याचा मला राग आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही.

काल वसंताच्या स्कूटरवर मागे बसून मी साक्षीच्या वाडीत गेले. शेवटची चढण चालतच चढावी लागते. ती तू, या गुडघ्यांनी, अशा उन्हात, एकटी कशी चढलीस? मी तीन ठिकाणी बसले. साक्षी भावाच्या बाळाला मांडीवर घेऊन ओटीवरच होती. आई गुरांच्या पाण्याचं बघत होती. मला बघून हात पुसत आली. बसायला गोणपाट टाकलं.

‘त्या बाई येते बोलल्या नि आल्या नाय,’ ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. ‘गेल्या त्या. आता तुमी येनार काय? का तुमी पन असंच बोलून जानार?’

वसंता माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ‘सोमवारी येते. बाहेरून दहावीला बसवू हिला. कोर्टाचं होईल तेव्हा होईल.’

साक्षीनं बाळ आईच्या हातात दिलं आणि आत गेली. परत आली ती केस विंचरून, हातात वही घेऊन, जणू सोमवार आत्ताच उजाडला होता. मला विचारलं, ‘बाई, मराठीचं मला येतं. विज्ञानापासनं सुरू करूया?’

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

येताना महाडात थांबून दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेतलं. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. काल संध्याकाळी वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तो पडत का नाही, इथे अडले आहे. पुस्तकात कारण दिलंय, पण मला ते समजत नाही, आणि सोमवारी साक्षी विचारल्याशिवाय राहणार नाही. हेमा, तू इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून हे शिकवलंस. मी एकदाही ऐकलं नाही.